नातेवाईक नसल्याचा कागद

रविवारी जेवायला बरोबर साडेबाराला या, असं नोंदणीबाईंनी लेकीला तीन वेळा कळवलं होतं. कळवलं म्हणजे काय, तर टेकडीच्या पायथ्याशी बियाण्यांचं एक दुकान आहे, तिथल्या माणसाला फोन करून चिठ्ठी लिहायला लावली होती. लेक राहते त्या टेकडीवर फोन नाही. वीजही नाही. अकरा माणसं, दोन बकऱ्या आणि बाकीचं सगळं जग खुळं असल्याचा ठाम समज, एवढंच काय ते तिथं आहे, असं बाईंचं मत होतं. ते त्यांनी कधी कोणापासून लपवलं नव्हतं.

साडेबाराचे दोन वाजून गेले. सव्वादोनला दार वाजलं.

"आई, उन्हाकडे बघून निघालो होतो," चिमणी म्हणाली. "आज ढग होते ना."

सहा महिन्यांचं पोट घेऊन पोरगी घामाघूम उभी होती, म्हणून बाईंनी तोंडावर आलेलं गिळलं. चिमणीच्या मागे तो होता. दाढी छातीपर्यंत, केस त्याहून लांब, आणि पायांत काही नाही. दोन वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा बाईंनी आधी त्याचे पाय पाहिले, मग दिवाणखान्यातली धुतलेली सतरंजी पाहिली, आणि मनातल्या मनात त्याचं नाव अनवाण्या ठेवलं. पुढे ते मनात राहिलं नाही, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही. कशाचंच काही वाटत नाही, हाच तर त्या माणसाचा सगळ्यात मोठा ताप होता.

"काकू, तुमच्यासाठी मुळे आणलेत," असं म्हणून त्यानं मातीसकट मुळ्यांची जुडी टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर ठेवली.

बाईंनी डोक्याला हात लावला नाही, कारण हातात गरम भांडं होतं.

नोंदणीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. शहराच्या नोंदणी कचेरीत दोन नंबरच्या खिडकीमागे त्या तीस वर्षं बसत होत्या, म्हणून ते चिकटलं. जन्म, मृत्यू, लग्न, घटस्फोट. शहरातला प्रत्येक माणूस निदान दोनदा तरी त्यांच्या कागदावरून जाणार, आणि त्यातल्या दुसऱ्या वेळी त्याला त्याचा पत्ता नसणार. खिडकीच्या त्या बाजूला बसून माणसाला एक गोष्ट पक्की कळते, ती म्हणजे कागद नसलेल्या बाईचे हाल कुत्रा खात नाही. आठवड्यातून एक तरी यायचीच. "अकरा वर्षं एकत्र राहिलो हो, बाई. तो गेला. आता त्याची बहीण म्हणते, तू कोण?" बाई विचारायच्या, लग्नाचा दाखला आहे? नसायचा. मग बाई काचेतल्या भोकातून, जमेल तितक्या मऊ आवाजात, पुढच्या माणसाला बोलवायच्या. अशा बायका घरी गेल्यावरही त्यांच्या डोळ्यांसमोरून हलायच्या नाहीत. आणि आता चिमणी. तीन महिन्यांत बाळ येणार, ते टेकडीवर, दाढीवाल्याच्या भरवशावर, कागदाच्या कपट्याशिवाय.

म्हणून आजचा बेत. बाईंच्या पिशवीत लग्ननोंदणीचा फॉर्म होता. सगळे रकाने त्यांनी स्वतः भरले होते, गुरुवारची साडेअकराची वेळ धरून ठेवली होती, फक्त दोन सह्या हव्या होत्या. त्यांच्या म्हणण्याला ही पोरं भीक घालणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. पण घरात हुकमाचा एक्का होता. तो आतल्या खोलीत उपाशी बसून दर पाच मिनिटांनी खाकरत होता.

आबा. बाईंचे सासरे. वय ऐंशीच्या पुढे, धंद्यानं घड्याळजी, आणि स्वभावानंही घड्याळच. शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावल्याशिवाय त्यांनी उभ्या आयुष्यात चहा घेतला नव्हता. पहाटेची प्रार्थना चुकवली नव्हती, थोरांच्या आधी घास घेतला नव्हता, घेऊ दिला नव्हता. लग्नाशिवाय एका छपराखाली राहणाऱ्या माणसाशी आपण बोलत नसतो, असं त्यांनी दोन वर्षांपूर्वी जाहीर केलं, आणि त्या दिवसापासून अनवाण्याशी चकार शब्द काढला नव्हता. तो आला की आबा उठायचे, खोलीत जायचे आणि दार इतक्या हळू, इतक्या सभ्यपणे लावायचे की आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

आज मात्र बाईंनी त्यांना गळ घातली होती. "आबा, तुम्ही एकदा सुनावा त्याला. तुमचं ऐकेल." आबांनी मान हलवली होती, बाहीची बटणं लावली होती आणि पावणेदोन तास पोटात कावळे ओरडत असताना वाट पाहिली होती. म्हणजे दारूगोळा भरपूर होता.

भाजलेले बटाटे, मटार आणि पाव ताटांत पडले. आबांनी पहिला घास घेतला. मग चमचा खाली ठेवून दोन वर्षांत पहिल्यांदा अनवाण्याकडे सरळ पाहिलं.

"तू माझ्या नातीशी लग्न करणार आहेस की नाही?"

बाईंनी टेबलाखाली पिशवीची चेन उघडली.

"करायचंय ना, आबा," अनवाण्या म्हणाला. "तुमच्यासमोरच करायचंय. तुम्ही बोलतच नव्हता, मग विचारणार कसं?"

आबा जरा गोंधळले. असलं उत्तर त्यांच्या हिशेबात नव्हतं. "मग घोडं कुठं अडलंय?"

"काकू म्हणतात, कचेरीत जाऊन सही करा."

"कचेरीत?" आबांनी सुनेकडे पाहिलं. "कचेरीत कशाला?"

फॉर्म पिशवीतून अर्धा बाहेर आला होता, तो तिथंच थांबला. "कशाला म्हणजे? लग्न नोंदवायला, आबा."

"नोंदवायला," आबा म्हणाले. तो शब्द त्यांनी मटारात खडा लागावा तसा उच्चारला. "माझ्या लग्नात चार वडीलधारी माणसं बसली होती. त्यांच्यासमोर मी शब्द दिला, तिनं शब्द दिला. ती जाईपर्यंत पाळला. कुठल्या कारकुनानं मला येऊन विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी त्याला उंबऱ्यावरून परत पाठवला असता. दोन माणसांच्या मधे सरकारचा काय संबंध?"

"सरकारचा काय संबंध!" अनवाण्या अक्षरशः उजळला. "आबा, टेकडीवर आम्ही अगदी हेच म्हणतो!"

"थांबा," बाई म्हणाल्या. "आबा, म्हणजे तुमचं आणि आईंचं लग्न नोंदवलेलंच नाही?"

"नाही."

तीस वर्षं बाईंनी अख्खं शहर नोंदवलं होतं. कोण कोणाचा, कधीपासून, साक्षीदार कोण. आणि स्वतःच्या घरात, त्याच छपराखाली, हा असा मोकळा कारभार. हुकमाचा एक्का समोरच्या हातात जाऊन बसला होता आणि वर पाव मागत होता.

पुढचा अर्धा तास बाईंनी जो सोसला, तो शत्रूवरही येऊ नये. दोघांचं गूळपीठ असं जमलं की ताटातलं निवून गेलं. आबा म्हणाले, फ्रिजमधलं पाणी म्हणजे मेलेलं पाणी. अनवाण्या म्हणाला, आम्ही मडक्यातलंच पितो. आबा म्हणाले, या घरात मी टीव्ही येऊ दिला नाही, सुनेनं आणला, मी बघत नाही. (बघतात. दार लोटून, आवाज बंद करून.) अनवाण्या म्हणाला, आमच्याकडे रात्री सगळे गोल बसतात, म्हातारी माणसं आधी बोलतात, मग बाकीचे. आबांनी हातातला पाव खाली ठेवला.

"म्हातारी आधी?"

"नेहमीच. त्यांचं बोलून झाल्याशिवाय कोणी जेवायला सुरुवात करत नाही."

"बघ," आबा सुनेला म्हणाले, जणू हा नियम तिनंच मोडत आणला होता. मग त्यांनी अनवाण्याच्या मनगटाकडे पाहिलं. "घड्याळ वापरत नाहीस?"

"बॅटरीचं नको वाटतं."

"बॅटरीचं घड्याळ हे घड्याळच नव्हे!" ऐंशी ओलांडलेला माणूस खुर्चीतून उठला. "ये. दाखवतो तुला. किल्लीचं एक आहे, माझ्या गुरूंच्या हातचं. जेवण राहू दे."

जेवण राहू दे! ज्या घरात चिमणीला लहानपणी अर्धा मटार ताटात राहिला म्हणून तासभर बसवून ठेवलं होतं, त्या घरात. तो मळक्या तळव्यांचा माणूस आबांच्या खोलीत गेला, जिथं बाईंना केर काढायलासुद्धा परवानगी मागावी लागे. आतून किल्ली फिरवल्याचा आवाज आला, मग दोघांचं हसणं.

बाईंनी ताटं उचलली. नळ असा सोडला की पाणी ओट्यावर उडालं. बाईंचं डोकं ठणकत होतं. एकाला हजार वर्षांपूर्वीचं जग हवं, दुसऱ्याला हजार वर्षांनंतरचं, आणि दोघांची गाठ नेमकी माझ्या स्वयंपाकघरात पडावी! मधलं जग चालवायचं कोणी? बिलं भरायची कोणी, गोळ्या आणायच्या कोणी, दात दुखला की डॉक्टरकडे वेळ घ्यायची कोणी? हे दोघे तत्त्वं पाळणार आणि मी रांगा लावणार.

चिमणी ताटं पुसायला आली. "आई, चिडू नकोस ना. किती छान वाटतंय ऐकायला. दोन वर्षांनी हसले दोघं."

"हसू देत. बाळाच्या दाखल्यावर बापाच्या रकान्यात हसणं लिहिता येत नाही."

"आम्ही एकमेकांना सोडणार नाही आहोत."

"सगळे असंच म्हणतात. माझ्या खिडकीवर ये एकदा."

चिमणीनं ताट खाली ठेवलं. बोलावं की बोलू नये असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग ती बोलली. "बाबांनी सही केली होती ना, आई? तुझ्याच कचेरीत? शिक्का, साक्षीदार, सगळं होतं. मी सहा वर्षांची असताना गेलेच ना ते? तो कागद धरून ठेवता आला का त्यांना?"

बाईंनी नळ बंद केला.

"आणि आबा," चिमणी पुढे म्हणाली. "आबांनी तुला जाऊ दिलं नाही. गेला तो गेला, तू कुठं निघालीस, म्हणाले. स्वतःच्या मुलाला दार बंद केलं त्यांनी तुझ्यासाठी. वीस वर्षं तुम्ही दोघं एका घरात राहताय. घटस्फोटानंतर कागदावर तुम्ही एकमेकांचे कोण आहात? कोणी नाही. कुठाय तुझा शिक्का? त्याच्यावाचून काही अडलं?"

"अडलं," बाई म्हणाल्या.

त्या हे सांगणार नव्हत्या. चार महिने त्यांनी हे पोटात ठेवलं होतं आणि जन्मभर ठेवलं असतं. पण आज सकाळपासून त्यांचा इतका अंत पाहिला गेला होता की आता तोंडाला झाकण राहिलं नाही.

"थंडीत आबा कामाच्या टेबलाशी कोसळले, आठवतं? आतड्याला पीळ पडला होता. सकाळचे नऊ वाजले होते. हॉस्पिटलात नेलं. लगेच ऑपरेशन करायला हवं, सही कोण करणार? मी म्हटलं, मी. खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, नातं? मी म्हटलं, सून. नवरा कुठाय? मी म्हटलं, घटस्फोट झालाय. ती म्हणाली, मग तुम्ही नातेवाईक नाही, बाई. रक्ताचं कोण आहे? तुझ्यासाठी दुकानात फोन केला. तो माणूस चिठ्ठी घेऊन वर पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. तुमच्या टेकडीवर फोनला बंदी ना!"

चिमणी हातातलं फडकं पिळत राहिली.

"मग मी त्याला फोन केला."

"बाबांना?"

"वीस वर्षांनी. दुसरा मार्ग होता का? चाळीस मिनिटं उचलला नाही त्यानं. चाळीस मिनिटं आबा स्ट्रेचरवर होते आणि मी बाहेर बाकड्यावर होते, कारण आत फक्त नातेवाइकांना सोडतात. त्यानं सही पाठवली, मग ऑपरेशन झालं. आणि ऐक, अजून ऐक. त्या खिडकीवरच्या मुलीला माझी दया आली होती. हळूच म्हणाली, 'बाई, मुलगी असं लिहू का? कोण बघतंय?' एक शब्द म्हणायचा होता मला. हो. एवढंच. आणि मी काय म्हटलं? म्हटलं, नको, खोटं लिहू नका. तीस वर्षांची खोड! लोकांच्या नोंदी खऱ्या ठेवता ठेवता मी त्या माणसाला मारायला निघाले होते." बाईंचे डोळे वाहत होते आणि त्यांना त्याचाही राग येत होता. "तुमची तत्त्वं, आबांची तत्त्वं, माझी तत्त्वं. सगळी एकाच माळेची. म्हणून म्हणते, सही कर. तो सोडून जाईल म्हणून नाही गं. तो स्ट्रेचरवर असेल आणि तुला बाहेर बसवतील, म्हणून."

मागे काहीतरी हललं. आबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, हातात किल्लीचं घड्याळ. त्यांच्या मागे अनवाण्या. किती वेळ उभे होते देव जाणे. ऑपरेशननंतर बाईंनी त्यांना एवढंच सांगितलं होतं की सगळं नीट झालं.

मुलाचं नाव या घरात वीस वर्षांत निघालं नव्हतं. आबांनी आताही घेतलं नाही.

"फोनवर काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

"जाऊ द्या ना, आबा."

"काय म्हणाला, सूनबाई?"

"'मला यावं लागेल का?' असं विचारलं."

आबांनी मान हलवली. घड्याळ ओट्यावर ठेवलं, खोलीत गेले आणि दार लावलं. संध्याकाळी चिमणी आणि अनवाण्या टेकडीवर निघाले. फॉर्म तसाच कोरा, म्हणजे सह्यांपुरता कोरा, पिशवीत राहिला. सोमवारी आबा जेवताना फक्त "मीठ दे" एवढं बोलले.

मंगळवारी कचेरीत नेहमीसारखी गर्दी होती. पंखा एक, माणसं साठ, आणि त्यातल्या निम्म्यांनी चुकीच्या रांगेत तासभर काढलेला. अकराच्या सुमारास दाराशी गलका झाला. रखवालदार कोणाला तरी सांगत होता की बिनचपलेचं आत सोडता येत नाही, आणि कोणीतरी अत्यंत शांतपणे विचारत होतं की हे कुठं लिहिलंय ते दाखवा. तो आवाज बाईंनी ओळखला.

गर्दीतून आधी आबा पुढे आले. गळ्यापर्यंत बटण, हातात सत्तेचाळीस नंबरचं टोकन. जन्मात कधी सरकारी इमारतीची पायरी चढले नव्हते. त्यांच्यामागे चिमणी पोट सांभाळत, आणि शेवटी अनवाण्या, पायांत रखवालदाराच्याच जुन्या रबरी चपला घालून, चेहरा असा की कोणी बेड्या घातल्यात.

"आबा! तुम्ही इथं कशाला?"

"रांगेत आहे मी," आबा करडेपणानं म्हणाले. "माझा नंबर आला की बोल."

नंबर आला तो शेजारच्या तीन नंबरच्या खिडकीवर. तिथं शिक्केवाला बसतो. माणूस बरा, पण शिक्का मारताना टेबल हलतं इतक्या जोरात मारतो. बाई काचेपलीकडून ऐकत राहिल्या, समोरच्या माणसाचा जन्मदाखला तसाच हातात.

"मला एक कागद पाहिजे," आबा म्हणाले. एवढं म्हणायला त्यांना दोनदा घसा साफ करावा लागला. "मी आजारी पडलो तर सही कोणी करायची, मी मेलो तर कोणाला बोलवायचं, ते लिहून ठेवायचंय. माझ्या सुनेचं नाव घालायचंय. मुलाचं नाही."

"सून? मग नातेवाइकांचा फॉर्म..."

"सून नाही," बाई आपल्या खिडकीतून म्हणाल्या. "घटस्फोट झालाय. अकरा रकान्यांचा पिवळा फॉर्म द्या त्यांना."

हा फॉर्म आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. ऑपरेशननंतर कितीदा तरी त्यांच्या मनात आलं होतं. पण जो माणूस पोस्टमनच्या वहीत सही करायला नाकारतो, त्याच्यापुढे असला कागद ठेवायचा धीर झाला नव्हता. आणि ठेवायचा म्हणजे काय म्हणून? तुमच्या मरणाची जबाबदारी माझ्या नावे करा म्हणून?

शिक्केवाल्यानं पिवळा फॉर्म काढला. आबांनी चष्मा चढवला, पहिली ओळ वाचली आणि फॉर्म परत काचेखालून आत सारला.

"हे खोडा."

"काय खोडा?"

"हे. 'नियुक्त व्यक्ती अर्जदाराची रक्ताने अथवा विवाहाने कोणीही नातेवाईक नाही.' हे कोणी लिहिलं? मी यावर सही करणार नाही."

"आजोबा, हा फॉर्मच नातेवाईक नसलेल्यांचा आहे. ती ओळ गेली तर फॉर्म बाद."

"मग बाद करा! वीस वर्षं एका घरात राहिलेल्या माणसाला मी कोणी नाही म्हणू?"

"आबांचं बरोबर आहे," अनवाण्या म्हणाला.

"तू गप्प बस!" बाई ओरडल्या. सगळी कचेरी वळून पाहायला लागली. रांगेतला एक जण म्हणाला, बाई, आमचं कधी होणार? बाई खुर्चीतून उठल्या, खिडकीवर 'बंद'ची पाटी लावली आणि बाजूच्या दारानं बाहेर, लोकांच्या बाजूला आल्या. तीस वर्षांत त्या बाजूला त्या फक्त घरी जाताना यायच्या.

"आबा, सही करा."

"सूनबाई, हे खोटं आहे."

"सरकारचा काय संबंध म्हणता ना? मग सरकारला काय वाटायचं ते वाटू दे. सही करा आबा, माझ्यावर हाता-पाया पडायची वेळ आणू नका सगळ्यांदेखत. मला परत त्या बाकड्यावर बसायचं नाहीये."

आबांनी सुनेकडे पाहिलं. मग खिशातून स्वतःचं पेन काढलं, काचेला बांधलेलं सरकारी पेन बाजूला सारलं आणि घड्याळाच्या चाकाएवढ्या बारीक अक्षरांत सही केली. साक्षीदार म्हणून चिमणीनं केली. दुसरा साक्षीदार पेन हातात घेऊन घुटमळला.

"काय झालं आता?" बाईंनी विचारलं.

"एक शंका आहे." अनवाण्या शिक्केवाल्याकडे वळला. "हा फॉर्म कोणीही कोणासाठीही भरू शकतं?"

"नातेवाईक नसलं की झालं. लग्न केलेल्यांना नाही चालत."

अनवाण्यानं चिमणीकडे पाहिलं, चिमणीनं त्याच्याकडे. "मग यात सरकार आपलं लग्न लावत नाही," तो हळूहळू म्हणाला, "आपणच सांगतो, माझ्यामागे ही. हे मला पटतं." आणि त्यानं आबांच्या फॉर्मवर सही केली.

"दोन द्या," चिमणी म्हणाली.

लग्नाच्या फॉर्मला चार रकाने होते. तेही बाईंनी भरून दिले होते. चार नकोत, अकरा हवेत! बाईंनी एकदा छताकडे पाहिलं. पण स्ट्रेचर आलं तर पोरगी आत असणार होती, म्हणून त्यांनी पिशवीतला स्वतःचा चष्मा काढून चिमणीच्या हातात ठेवला, कारण पिवळ्या फॉर्मवरची अक्षरं फार बारीक असतात. "बाळाच्या दाखल्यावर बाप म्हणून सही करायला यायचं," त्या अनवाण्याला म्हणाल्या. "स्वतःच्या चपला घालून." तो हो म्हणाला. टेकडीवर एक फोन ठेवायचं सगळ्यांपुढे मांडतो, असंही म्हणाला, फक्त त्याआधी तिथल्या म्हाताऱ्यांचं बोलून व्हायला हवं.

"झालं तुमचं?" शिक्केवाला म्हणाला. "बाई, तुमची सही राहिली."

त्यानं फॉर्म त्यांच्यापुढे केला. नियुक्त व्यक्तीनं पहिली ओळ मोठ्यानं वाचायची आणि खाली सही करायची, असा नियम आहे. तो बाईंनी हजारदा दुसऱ्यांना सांगितला होता. आबा बाजूला उभे होते, ताठ, नजर समोरच्या भिंतीवर.

"मी अर्जदाराची," बाईंनी चष्म्याशिवाय, पाठ असलेलंच वाचलं, "रक्तानं अथवा विवाहानं," आणि मान वळवून आबांकडे पाहिलं. "कोणीही नातेवाईक नाही."

"माहिती खरी आहे?" शिक्केवाल्यानं शिक्का उचलत विचारलं. तेही विचारावंच लागतं.

"खरी आहे," बाई म्हणाल्या, आणि तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा त्यांनी खोट्या नोंदीखाली सही केली.